झाकले पाते, उघडी धार

सुऱ्या-चाकूंच्या दुकानात काचेच्या कपाटापाशी उभे राहिलेले गिऱ्हाईक पुष्कळदा एका प्रश्नापाशी अडते. त्याच्यापुढे दोन सुऱ्या ठेवलेल्या असतात. दोहींची लांबी सारखी, मूठ सारखी, घडणही सारखी. फरक असतो तो केवळ पात्याच्या रंगाचा. एकीचे पाते उघडे, घासून लख्ख केलेले. दुसरीच्या पात्यावर काजळासारखा काळा लेप दिलेला. दुकानदार म्हणतो, "काळी घ्या, गंजाची काळजी मिटली." शेजारी उभा असलेला एखादा जाणता म्हणतो, "उघडी घ्या, लेपाखाली काय आहे ते कोणाला दिसते?" या दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही, परंतु दोघांचेही बोलणे अर्धे आहे. राहिलेले अर्धे कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, ही सुरी म्हणजे खिशात मिटून ठेवण्याचा घडीचा चाकू नव्हे. हिचे पाते मुठीत कायमचे पक्के बसविलेले असते. हिला सांधा नाही, खीळ नाही, उघडझाप नाही. वापरून झाली की ती म्यानात जाते. सांधा नसल्यामुळे ती बळकट असते, आणि म्हणूनच कोळी, खलाशी, वनरक्षक, गिर्यारोहक, शिकारी व सैनिक अशा, घरापासून दूर राहून काम करणाऱ्या माणसांच्या कमरेला ती दिसते. अशा माणसाची सुरी ऐन वेळी चालली नाही, तर शेजारच्या घरातून दुसरी मागून आणण्याची सोय त्याला नसते. लेप असावा की नसावा, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने शोभेचा नाही तो एवढ्यासाठी.

सुरीचा मुख्य वैरी गंज. शाळेतील प्रयोगशाळेत तीन परीक्षानळ्यांचा एक जुना प्रयोग करून दाखवितात. एका नळीत कोरडी हवा व खिळा. दुसरीत उकळून हवा घालविलेले पाणी, वर तेलाचा थर आणि खिळा. तिसरीत साधे पाणी, वर मोकळी हवा आणि खिळा. काही दिवसांनी पाहावे तो पहिल्या दोन नळ्यांतील खिळे जसेच्या तसे असतात. तांबूस थर चढतो तो तिसऱ्यावर. म्हणजे लोखंड गंजण्यास एकटे पाणी पुरे पडत नाही आणि एकटी हवाही पुरी पडत नाही. दोघांची जोडी जमावी लागते. त्या जोडीत मीठ मिसळले की काम अधिकच झपाट्याने होते, कारण खारट पाण्यातून विद्युत्कण सहज फिरतात आणि धातूवरील रक्षक पापुद्र्यालाही मीठ छिद्रे पाडते. आणखी एक गोष्ट अशी की, गंज हा मूळ लोखंडापेक्षा फुगीर व सच्छिद्र असतो. तो धातूला घट्ट धरून राहत नाही. पापुद्रे सुटतात, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा तोच क्रम सुरू होतो.

एवढ्यावरून एक गोष्ट उघड होते. सुरी कोठे राहणार, हे तिच्या निवडीत फार महत्त्वाचे आहे. मे महिन्यातील इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील कोरड्या हवेत जे उघडे पाते महिनाभर ठेवले तरी स्वच्छ राहते, तेच पाते जुलै महिन्यात पणजीला किंवा मालवणला ओले ठेवले तर एका रात्रीत ठिपके धरते. उन्हाळ्यात माळव्यातून कोकणात सुट्टीसाठी आणलेली वस्तू आणि पावसाळ्यात तेथे वापरावयाची वस्तू यांना एकच माप लावता येत नाही.

गंजाला अडविण्याचे मार्ग मनुष्याने तीन शोधले. पहिला सर्वांत जुना : पाते पुसून कोरडे करावे आणि त्यावर तेलाचे बोट फिरवावे. दुसरा मार्ग पोलादाचा स्वभावच बदलण्याचा. इ. स. 1913 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून निरनिराळी मिश्रणे करून पाहत होता. क्रोमियमचे प्रमाण शेकडा सुमारे 13 असलेल्या एका मिश्रणावर आम्लाचा परिणाम होत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे गाव. त्यामुळे या पोलादाचा उपयोग तेथे प्रथम जेवणाच्या टेबलावरील सुऱ्यांसाठी झाला. आज त्यालाच आपण स्टेनलेस स्टील म्हणतो. पोलादात क्रोमियम शेकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक असले की, ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ, पारदर्शक पापुद्रा तयार करते. डोळ्यांना तो दिसत नाही. त्याचा मोठा गुण असा की, ओरखडा पडला तर उघड्या पडलेल्या जागी हवेच्या संपर्काने तो पुन्हा आपोआप धरतो. म्हणजे एका अर्थी स्टेनलेस पाते हेही लेप दिलेलेच पाते आहे. मात्र तो लेप आतून येतो आणि आपली जखम आपण भरून काढतो. खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ ठेवले तर त्यालाही ठिपके पडतात, हे विसरून चालणार नाही.

तिसरा मार्ग बाहेरून लेप देण्याचा. 1906 साली टॉमस वॉट्स कॉस्लेट या इंग्रजाने लोखंड फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून त्यावर फॉस्फेटचा करडा थर आणण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे 1915 साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे पार्कर यांची कंपनी निघाली, तिने या कृतीत सुधारणा केली आणि बंदुका व हत्यारे यांवरील त्या करड्या थराला 'पार्करायझिंग' हे नाव पडले. गंमत अशी की, फॉस्फरसाने लोखंडाचे रक्षण होते याचा एक भव्य पुरावा भारतात सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे. दिल्लीत मेहरौली येथील लोहस्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसाचे प्रमाण अधिक आहे. कानपूरच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त रक्षक थर कसा तयार झाला असावा, हे मांडले. स्तंभाला ओल्या-सुक्या हवामानाने तो थर हळूहळू दिला. कारखान्यातील सुरीला तो काही मिनिटांत द्यावा लागतो.

आता काळा रंग आला कोठून? गंजापासून रक्षण हे त्याचे एक कारण. दुसरे कारण युद्ध. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडो पथकांसाठी फेअरबेर्न आणि साइक्स या दोन अधिकाऱ्यांनी आखलेली कट्यारवजा सुरी 1941 साली तयार होऊ लागली. आरंभीच्या सुऱ्या चकचकीत होत्या. पुढे त्या काळ्या करण्यात आल्या, कारण रात्रीच्या हालचालीत पात्यावर चमकलेला एक किरणही शत्रूला पुरेसा असतो. अमेरिकेच्या मरीन दलाने 1942 च्या अखेरीस जी सात इंची पात्याची लढाऊ सुरी स्वीकारली, व जी पुढे 'के-बार' या नावाने जगभर ओळखली गेली, तिचेही पाते चमक मारणारे नव्हते. पॅसिफिक महासागरातील बेटांवरची दमट, खारी हवा आणि न गंजणारे नव्हे, तर साधे उच्च कार्बनचे पोलाद, अशी तेथे गाठ होती. त्यामुळे काळेपणाचा तेथे दुहेरी उपयोग होता.

युद्ध संपले, काळा रंग मात्र उरला. सैनिकाच्या कमरेची वस्तू म्हणून त्याला एक प्रतिष्ठा आली, आणि ज्याला रात्री शत्रूच्या नजरेतून निसटावयाचे नाही असा सहलीला जाणारा गृहस्थही काळी सुरी पसंत करू लागला. त्यात वाईट काही नाही. मात्र आवडीला गरजेचे नाव देऊ नये. काळे दिसते म्हणून घ्यावयाचे असेल तर तसेच म्हणून घ्यावे.

लेप हा एकच शब्द असला, तरी त्याखाली चार निराळ्या गोष्टी मोडतात आणि त्यांचे गुण परस्परांपासून फार भिन्न आहेत.

पहिला प्रकार म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागाचेच रासायनिक क्रियेने काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करणे. बंदुकीच्या नळीचा निळसर काळा रंग तो हाच. हा थर अतिशय पातळ असतो. एकटा तो गंजाला फारसा अडवू शकत नाही. तेल धरून ठेवणे हे त्याचे खरे काम. तेल सुकले की त्याचे बळ गेले. दुसरा प्रकार वर सांगितलेला फॉस्फेटचा करडा थर. तोही सच्छिद्र असतो आणि त्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरून राहते. हे दोन्ही लेप माणसाला तेलाच्या कामातून मुक्त करीत नाहीत. ते तेलाला अधिक काळ टिकवितात, एवढेच.

तिसरा प्रकार रंगाचा. रंगाची पूड विजेच्या भाराने पात्यावर चिकटवून भट्टीत भाजतात आणि ती वितळून एकसंध होते. हा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतका जाड असू शकतो. पाण्याला तो चांगला अडवितो. परंतु पोलादाच्या मानाने तो मऊ असतो. लाकूड, वाळू आणि म्यानाची कड यांनी तो घासला जातो आणि त्याखालचे पोलाद रेघोट्यांच्या रूपाने दिसू लागते.

चौथा प्रकार नव्या तंत्राचा. निर्वात पेटीत धातूच्या किंवा कार्बनच्या कणांचा थर पात्यावर बसवितात. हिऱ्याशी साम्य असलेल्या कार्बनचा लेप या वर्गातील प्रसिद्ध आहे. त्याची जाडी काही थोडे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग; पण कठीणपणा पोलादाहून कितीतरी अधिक, आणि स्पर्श गुळगुळीत. तो सहज ओरखडत नाही. मात्र त्यात सूक्ष्म छिद्रे राहू शकतात आणि एकदा गेला तर घरी तो पुन्हा देता येत नाही. किंमतही अर्थातच अधिक पडते.

येथे एका धोक्याचा उल्लेख करणे अवश्य आहे. पोलादाला कठीणपणा येतो तो पाणी दिल्याने, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्याने. आणि नंतर बेताची आच देऊन त्यातला ठिसूळपणा काढतात. उच्च कार्बनच्या साध्या पोलादाच्या सुरीला ही दुसरी आच बहुधा 200 अंश सेल्सिअसच्या आसपासची असते. लेप देताना पाते त्याहून फार तापले तर पात्याचे पाणी उतरते. बाहेरून देखणे झाले तरी आतून ते मऊ पडते. चांगला कारखाना ही मर्यादा सांभाळतो. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या काळ्या सुरीविषयी अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. लेप हा हलक्या पोलादाचे दोष झाकण्यासही उपयोगी पडतो, ही जाणत्याची शंका अगदीच निराधार नसते.

आता मुख्य मुद्दा. लेप कोणताही असो, कितीही महाग असो, तो पात्याच्या दोन्ही अंगांना आणि पाठीला झाकतो. धारेला तो झाकू शकत नाही. धार म्हणजे दोन उतरत्या बाजू जेथे मिळतात ती सूक्ष्म रेषा. ती काढावयाची तर पोलाद दगडावर घासावे लागते आणि घासले की लेप गेला. म्हणूनच बहुतेक कारखान्यांत लेप आधी देतात आणि धार मागाहून लावतात. नव्या कोऱ्या काळ्या सुरीकडे नीट पाहिले तर खालच्या कडेने पांढरी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे उघडे पोलाद. जेव्हा जेव्हा सुरी दगडावर जाते, तेव्हा ही रेघ थोडी वर सरकते. सुरीचे जे अंग खरे काम करते, तेच लेपाविना राहते. आणि जे अंग केवळ आधार देते, त्याला मात्र कवच मिळते.

धारेची ही रेषा उत्तम लावलेल्या सुरीत मायक्रॉनच्या हिशेबात मोजावी इतकी बारीक असते. पात्याच्या अंगावर गंजाचा एक ठिपका पडला तर सुरी विद्रूप दिसते, पण कापते. तेवढाच गंज धारेवर चढला तर ती रेषा खाल्ली जाते आणि सुरी बोथट होते, मग तिने मधल्या काळात काहीही कापलेले नसो. न वापरता ठेवलेली सुरी बोथट कशी झाली, असे आश्चर्य पुष्कळांना वाटते. त्याचे उत्तर बहुधा हेच असते.

या गोष्टीला घरातल्या कल्हईची उपमा सुचते. पण ती काळजीपूर्वक घ्यावी लागते. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई असते ती जेथे अन्न लागते त्याच बाजूस. म्हणजे भांड्याचे जे काम करणारे अंग, तेच तेथे झाकलेले असते. कल्हई उडाली की तांब्याची लाली दिसू लागते, गृहिणी ते ओळखते आणि कल्हईवाल्याची हाक ऐकताच भांडे बाहेर काढते. सुरीचे तसे नाही. येथे कामाचे अंग पहिल्या दिवसापासून उघडे, आणि निर्वात पेटीतील लेप पुन्हा देणारा कल्हईवाला कोणत्याही गल्लीत येत नाही. लेपाला कल्हई समजून जो निश्चिंत होतो, त्याची फसगत होते.

ही फसगत कोठे महाग पडते, ते एका उदाहरणाने पाहता येईल. समुद्रावर जाळे सोडताना दोर पायात किंवा मनगटात अडकणे ही मासेमारीच्या धंद्यातील जुनी भीती आहे. जाळ्याचे वजन आणि होडीची गती यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला दोर सोडवीत बसण्यास वेळ नसतो. तो कापावाच लागतो. एखाद्या तरुणाने लेपाच्या भरवशावर काळी सुरी घेतली, पहिल्याच दिवशी खाऱ्या पाण्याने भिजलेली ती तशीच म्यानात घातली आणि दोन महिने बाहेर काढली नाही, असे समजा. बाहेर काढली तेव्हा पात्याचे अंग काळे कुळकुळीत, नवे वाटावे असे. धार मात्र तांबूस व खडबडीत. असली सुरी नायलॉनच्या दोरावरून घसरते; आणि घसरलेली सुरी दोराऐवजी हात कापते. त्याच होडीवर एखाद्या म्हाताऱ्याची लाकडी मुठीची, डागाळलेली, उघडी सुरी असते. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, धोतराच्या सोग्याने पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेली. ती एका ओढीत दोर तोडते. येथे उघड्या पात्याने लेपाला हरविले असे नव्हे. रोजच्या पुसण्याने विसराळूपणाला हरविले. तरुणाने तीच काळी सुरी तशीच पुसली असती तर तिनेही दोर तोडला असता.

म्यानाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. चामड्याचे म्यान दिसावयास सुंदर आणि कमरेला सोयीचे. परंतु ते ओल शोषून धरते, आणि चामडे कमावताना वापरलेली द्रव्येही पोलादाला मानवत नाहीत. म्हणून सुरी म्यानात घालून महिनोन् महिने ठेवू नये. घरी ती कोरड्या कागदात किंवा तेलाचा हात लावलेल्या फडक्यात वेगळी ठेवावी आणि कामास निघताना म्यानात घालावी. लेप असलेल्या सुरीच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी, कारण ओरखड्यातून शिरलेला गंज लेपाच्या खाली पसरत जातो आणि लेप फुगेपर्यंत दिसत नाही. उघड्या पात्यावरचा दोष निदान डोळ्यांना तरी दिसतो.

याचा अर्थ उघडेच पाते सर्वांनी घ्यावे असा नाही. उघड्या कार्बन-पोलादाचेही काही नियम आहेत. घरची विळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते ठाऊक आहेत. कैरी, लिंबू, कोकम यांसारख्या आंबट पदार्थांनी तिचे पाते काळपट निळसर होते. कच्चे केळे किंवा सुपारी यांतील तुरट द्रव्यानेही तो काळेपणा येतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. लोखंड आणि तुरट द्रव्य यांच्या संयोगाने होणारा तो काळेपणा आणि विळीवरचा काळेपणा यांची जात एकच. हा डाग म्हणजे तांबडा गंज नव्हे. उलट तो घट्ट बसणारा थर पुढच्या गंजाला काही अंशी आवर घालतो. जुनी माणसे विळी घासून रोज लख्ख करीत नसत. कापून झाले की धूत, लगेच पुसत आणि कोरडी ठेवीत. त्यांनी नकळत पात्यावर एक नैसर्गिक लेप चढू दिला होता. त्याचा तोटा एवढाच की, पाते नवे असताना फळाला लोखंडाची चव लागते आणि फोडी काळवंडतात.

लेपामुळे कापण्यात काय फरक पडतो, हेही पाहावे. भाजलेल्या रंगाचा जाड व खरखरीत लेप लाकूड चिरताना दोन्ही बाजूंनी अडतो. ओंडक्यातून पाते सरकण्यास अधिक जोर लागतो. गुळगुळीत केलेले उघडे पाते किंवा कार्बनचा पातळ लेप दिलेले पाते तेथे सहज जाते. अन्न कापावयाचे असेल तर रंगाचा लेप टाळलेला बरा, कारण झिजलेल्या रंगाचे कण अन्नात जाणे कोणालाही आवडणार नाही. आणि रानात ठिणग्या देणाऱ्या कांडीवर पात्याची पाठ घासून विस्तव करणाऱ्यांना पाठीची कड उघडी, काटकोनी आणि तीक्ष्ण लागते. रंगाने गोल झालेल्या पाठीवर ठिणगी नीट पडत नाही.

हे सगळे विचार एकाच ठिकाणी एकत्र आलेले पाहावयाचे असतील तर स्वीडनमधील मोरा या गावाचे उदाहरण घ्यावे. डालार्ना प्रांतातील या गावी सुऱ्यांचा धंदा फार जुना. आजच्या कारखान्याची परंपरा 1891 सालापर्यंत मागे जाते. तेथील साध्या, स्वस्त सुऱ्या जगभर सुतार, कोळी आणि रानात हिंडणारे लोक वापरतात. हा कारखाना एकाच घडणीची सुरी कार्बन-पोलादात उघडी देतो आणि स्टेनलेसमध्येही उघडी देतो. त्याच्या 'गारबेर्ग' या जाड सुरीची निवड याहून निराळी : स्टेनलेस हवी असेल तर पाते उघडे, आणि कार्बन-पोलादाची हवी असेल तर त्यावर काळा, कठीण, पातळ लेप. यातले तर्कशास्त्र साधे आहे. ज्या पोलादाला स्वतःचा रक्षक पापुद्रा आहे, त्यावर दुसरा लेप देण्याचे विशेष कारण नाही. ज्याला तो नाही, त्याला बाहेरून मदत द्यावी. आणि स्वस्त कार्बन-पोलादी सुरीला तीही न देता, पुसण्याचे काम वापरणाऱ्यावर सोपवावे.

तेव्हा निवड करताना रंगाकडे पाहण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. लेपाखाली पोलाद कोणते आहे? लेप कोणत्या जातीचा आहे? सुरी कोठे आणि कशासाठी वापरावयाची आहे? आणि चौथा, सर्वांत अवघड प्रश्न : जिच्या हाती ती जाणार त्या व्यक्तीची सवय कशी आहे?

समुद्रकाठी राहणाऱ्या, सुरी क्वचित वापरणाऱ्या आणि पुसण्याचा कंटाळा असलेल्या माणसाला उघडे स्टेनलेस पाते सर्वांत हिताचे. कारण तेथे निदान धारेलाही पोलादाचे स्वतःचे संरक्षण मिळते. ओल्या रानात जड काम करणाऱ्याला, ज्याला सहज धार लावता येणारे कार्बन-पोलाद हवे आहे, त्याला कठीण व पातळ लेपाचे पाते योग्य. मात्र धार रोज पुसण्याची अट त्याने मान्य केली पाहिजे. स्वयंपाकासाठी व फळांसाठी उघडे पाते घ्यावे. ज्याला हत्याराची निगा राखण्यात आनंद वाटतो, त्याने उघडे कार्बन-पोलाद घ्यावे. ते स्वस्तही असते, दगडावर सहज धार धरते आणि वर्षानुवर्षे त्याच्यावर मालकाच्या हाताची छाया चढत जाते. जाड रंगाच्या लेपाची सुरी बाद ठरवावी असेही नाही. पावसाळी मुलूख आणि साध्या पोलादाची गरज असेल तर तीही उपयोगी पडते, फक्त तिचा रंग उडणार हे आधीच समजून घ्यावे.

निगा राखण्याची रीत मात्र सर्वांना सारखीच. काम झाल्यावर सुरी गोड्या पाण्याने धुवावी, मुठीपाशी साचलेले पाणीही टिपून घ्यावे, पाते पाठीकडून धारेकडे अंगठा दूर ठेवून पुसावे आणि कोरडे झाल्यावर तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन धारेवरून हलकेच फिरवावा. अन्नासाठी वापरावयाच्या सुरीला खाण्याचेच तेल लावावे. फार दिवस बंद ठेवावयाच्या सुरीला, न खवटणारे खनिज तेल अधिक बरे. या सगळ्याला दोन मिनिटे पुरतात.

दुकानातील त्या कपाटापाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार आणि जाणता या दोघांनी न सांगितलेले अर्धे ते एवढेच. काळ्या पात्याची धार उघडी असते आणि पांढऱ्या पात्याचीही उघडीच असते. त्याने कोणतीही सुरी घ्यावी. पण पैसे देण्याआधी, संध्याकाळी दमून घरी आल्यावर आपण ती पुसून ठेवू की नाही, याचे खरे उत्तर मनाशी द्यावे. त्या उत्तरावरून कोणती घ्यावी ते त्याचे त्यालाच कळेल.